दोन कात्रणं, एक स्रोत: चरित्रकोशातल्या एका वाक्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका वाक्याचं आहे. आमच्या चरित्रकोशाच्या एका खंडात सहाशेच्या आसपास नोंदी होत्या. त्यांतल्या एका नोंदीत, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, असं छापलं जाणार होतं: "प्रयोगशाळेतील त्रुटींबाबत मिळालेल्या तीन लेखी इशाऱ्यांकडे त्यांनी दुर्लक्ष केले." वाक्याखाली दोन वृत्तपत्रांचे संदर्भ होते. दोन संदर्भ असले की वाक्य पक्कं, असा आमचा नियम. त्या नियमावर बोट ठेवून मी ते वाक्य मंजूर केलं होतं. खंडाची संपादक मीच होते.

ज्यांची नोंद, ते रसायनशास्त्रज्ञ आता हयात नाहीत. त्यांच्या कामाची बाजू निर्विवाद होती. पण ते प्रमुख असलेल्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन दोन कर्मचारी दगावले होते आणि त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी पद सोडलं होतं. कोशात हे टाळता येण्यासारखं नव्हतं, टाळायचंही नव्हतं. दोन माणसं गेली होती.

नावं, गावं, वर्षं मी काढून टाकली आहेत, एकदोन बारीक तपशील मुद्दाम बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे. संदर्भासाठी वापरलेल्या दोन वृत्तपत्रांपैकी ज्याचा लौकिक दर्जेदार, संयत पत्र म्हणून आहे त्याला इथे 'दैनिक अ' म्हणते. दुसरं मोठ्या मथळ्यांसाठी आणि मोठ्या छायाचित्रांसाठी ओळखलं जातं, ते 'दैनिक ब'.

अडचण

खंड छापायला जायला नऊ दिवस उरले असताना त्या शास्त्रज्ञांच्या मुलीचं पत्र आलं. नोंदीचं नमुना पान कुणा परिचितांनी तिला दाखवलं होतं. पत्र दीड पानाचं होतं. त्यात राग नव्हता, वकिलाची भाषा नव्हती. वडिलांची जन्मतारीख आम्ही एका दिवसाने चुकवली होती, तेही तिने नम्रपणे लिहिलं होतं. मग एकच प्रश्न होता: "हे तीन इशारे कोणी दिले, कधी दिले आणि ते कागद तुम्ही पाहिले आहेत का?"

आम्ही पाहिले नव्हते. आम्ही कात्रणं पाहिली होती.

नोंद लिहिणारा तरुण सहकारी गडबडून गेला. "मॅडम, दोन पेपरांत आहे. एक तर दैनिक अ आहे." त्याचं म्हणणं चूक नव्हतं, कारण नियम आम्हीच त्याच्या हातात दिला होता. दैनिक ब एकटं असतं तर त्याने ते वापरलंच नसतं. दैनिक अ-मध्येही तेच सापडलं, म्हणून त्याला भरवसा वाटला. भडक पत्रात आलेली गोष्ट दर्जेदार पत्रातही आली म्हणजे ती तपासली गेली असणार, असं बहुतेक वाचक मानतात. मीही मानत होते.

कात्रणं टेबलावर

त्या संध्याकाळी आम्ही अपघाताच्या फाइलमधली सगळी कात्रणं बाहेर काढली. एकतीस होती. तोवर ती पत्रांनुसार लावलेली होती, अ-ची वेगळी, ब-ची वेगळी. आम्ही ती तारखेनुसार एका ओळीत मांडली. एवढ्या साध्या बदलाने फाइल वेगळीच दिसायला लागली.

पहिल्या दिवशीचा फरक कुणालाही कळावा असा. दैनिक अ-चा मथळा होता, "प्रयोगशाळेत स्फोट, दोघांचा मृत्यू". खाली पाच परिच्छेद. कोण गेलं, किती वाजता, अग्निशमन दल कधी पोचलं, आणि शेवटी एक ओळ: स्फोटाचे कारण अद्याप समजलेले नाही. दैनिक ब-चा मथळा अर्धं पान व्यापून: "मृत्यूची प्रयोगशाळा!" उद्गारचिन्हासकट. मजकूर अ-पेक्षा कमी. पण एका मृताच्या आईचं रडतानाचं छायाचित्र होतं, आणि त्यात जवळच उभ्या असलेल्या शेजारणीचा हात आईच्या डोळ्यांसमोर आडवा आलेला दिसत होता. ती बाई कॅमेऱ्याला आडवत होती. तरीही ते छापलं होतं.

तीन इशारे पहिल्यांदा उगवले तिसऱ्या दिवशी, दैनिक ब-मध्ये. बातमीच्या सहाव्या परिच्छेदात वाक्य होतं: "प्रयोगशाळेबाबत तीन वेळा इशारे देण्यात आले होते, असे सूत्रांकडून समजते." त्याच बातमीवरचा मथळा: "तीनदा बजावलं होतं!" त्यानंतर दोन वर्षं कुठेही काही नाही. मग दैनिक अ-च्या रविवार पुरवणीत प्रयोगशाळांतल्या सुरक्षिततेवर एक मोठा लेख, आणि त्यात ओझरता उल्लेख: "तीनदा बजावूनही दुर्लक्ष केल्याचा ठपका असलेले" आमचे शास्त्रज्ञ. आणि त्यानंतर आमची नोंद: "तीन लेखी इशाऱ्यांकडे त्यांनी दुर्लक्ष केले."

ही चार वाक्यं आम्ही एका कागदावर एकाखाली एक लिहून काढली. पहिल्यात "समजते" होतं. मथळ्यात ते गळलं. पुरवणीत इशारे कुणाला दिले याचं उत्तर तयार झालं आणि "ठपका" आला, जणू कुणा समितीने तो ठेवला होता. आमच्या वाक्यात ठपकाही गेला, नुसती घटना उरली. आणि "लेखी" हा शब्द? तो कुठल्याच कात्रणात नव्हता. तो आमच्याकडे जन्मला. कोशात लिहायचं तर भाषा नेमकी हवी, म्हणून सहकाऱ्याने तो घातला असावा. त्याला स्वतःला आठवत नव्हतं. माझ्या नजरेखालून तो दोनदा गेला होता.

म्हणजे आमचे दोन स्रोत मुळात एकच होते, आणि तो एक स्रोत म्हणजे नाव नसलेलं "सूत्र".

पुरवणीतला लेख अपघाताचं वार्तांकन करणाऱ्या बातमीदाराचा नव्हता. तो बाहेरच्या लेखकाचा होता आणि त्याने जुन्या बातम्या चाळून तो लिहिला होता, हे लेखातच दिसत होतं. एकाच पत्राच्या छताखाली बातमीदाराची स्वतःची बातमी, वृत्तसंस्थेची जशीच्या तशी उचललेली बातमी, स्तंभ, पुरवणीतला लेख, वाचकांचं पत्र हे सगळं राहतं. प्रत्येकाची तपासणी वेगळी होते, काहींची होतच नाही. पानाच्या माथ्यावर नाव मात्र एकच. आमच्या संदर्भपट्टीवरही फक्त पत्राचं नाव आणि तारीख होती. ते काय होतं, बातमी की लेख, याची नोंद नव्हती.

मला त्या रात्री हिल्सबरो आठवलं. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मैदानात फुटबॉलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली आणि त्यात अखेर ९७ जणांचा बळी गेला. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, अनेक ब्रिटिश पत्रांत एक बातमी आली: दारू प्यायलेल्या प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. बातमीचं मूळ शेफील्डमधली एक स्थानिक वृत्तसंस्था. तिची माहिती काही पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून आलेली. बऱ्याच पत्रांनी ती आरोप म्हणून छापली. 'द सन'ने पहिल्या पानावर 'द ट्रुथ', म्हणजे 'सत्य', असा मथळा देऊन छापली. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला. त्या आरोपांना कोणताही आधार सापडला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी 'द सन'ने पहिल्या पानावर माफी मागितली. त्या एप्रिलमध्ये कुणी नुसती कात्रणं मोजली असती तर त्याच्या हाती ढीगभर दुजोरे लागले असते.

दैनिक ब-चं एक छायाचित्र

फाइल अशीच एका बाजूला झुकत राहिली असती तर पुढचा निर्णय सोपा होता. पण दुसऱ्या दिवशीच्या दैनिक ब-मध्ये, पान तीनवर, आणखी एक छायाचित्र होतं. प्रयोगशाळेचा मागचा दरवाजा, त्यावर "आपत्कालीन मार्ग" अशी पाटी, आणि दोन्ही कड्यांतून ओवलेली साखळी. कुलूप साखळीला लोंबकळतंय. फोटो जवळून काढलेला, कुलपावरचा गंज दिसतो. खालची ओळ नेहमीसारखी भडक, पण छायाचित्र खरं होतं.

दैनिक अ-मध्ये त्या दरवाजाबद्दल चौकशीचा अहवाल येईपर्यंत अवाक्षर नाही. त्याआधी अ-ने दोनदा व्यवस्थापनाचं निवेदन छापलं, "सर्व सुरक्षा नियमांचे पालन करण्यात येत होते", आणि तेही कुठल्याही पुस्तीशिवाय. निवेदन अधिकृत होतं, सही-शिक्क्याचं होतं, म्हणून ते छापणं सुरक्षित. साखळीचा फोटो कुणी "अधिकृतपणे" दिलेला नव्हता.

हा दर्जेदार पत्रांचा स्वतःचा दोष आहे आणि मला तो लहान वाटत नाही. अधिकाऱ्याने सांगितलं म्हणजे तपासलं, असं त्यांच्या कामाच्या पद्धतीत मुरलेलं असतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी वाचकांसाठी टिपण छापून कबूल केलं होतं, की इराकमधल्या शस्त्रास्त्रांविषयीच्या त्यांच्या काही बातम्या हव्या तितक्या काटेकोर नव्हत्या. वादग्रस्त माहिती नीट पारखली गेली नव्हती, नंतरही तिला आव्हान दिलं गेलं नव्हतं. उलट टोकाला, अमेरिकेतल्या 'नॅशनल एन्क्वायरर' या निव्वळ भानगडींवर जगणाऱ्या साप्ताहिकाने २००७ मध्ये जॉन एडवर्ड्स या राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकाच्या विवाहबाह्य संबंधांची बातमी दिली. त्याने ती धुडकावली, मोठ्या पत्रांनी तिला फारसा हात लावला नाही, आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच कबुली दिली.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो: मी, तरुण सहकारी आणि कोशाच्या कामात तीस वर्षं घालवलेले आमचे ज्येष्ठ सहकारी.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वाक्य तसंच ठेवून आधी "तत्कालीन वृत्तपत्रांनुसार" एवढं जोडायचं. यावर कायद्याचीही फार अडचण आली नसती. पण मुलीच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. वाचक "वृत्तपत्रांनुसार" वाचतो आणि विसरतो, "दुर्लक्ष केले" लक्षात ठेवतो. हा पर्याय पाच मिनिटांत गेला.

दुसरा होता अपघाताचा परिच्छेदच काढून टाकायचा. तरुण सहकारी मनाने तिथे होता, कारण पत्र वाचून तो हलला होता. मी नाही म्हटलं. मृतांपैकी एकाचं वय तेवीस होतं. त्याच्याही घरी कुणीतरी ही नोंद वाचेल.

खरा वाद तिसऱ्यावर झाला. ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत: दैनिक ब-ची सगळी कात्रणं फाइलमधून बाद करा, फक्त अ ठेवा, आणि अ-मधलाही पुरवणीतला लेख सोडून द्या. "ज्याची सवयच फुगवून सांगायची, त्याचा एक शब्दही कोशात कशाला?" मी साखळीचा फोटो त्यांच्यापुढे सरकवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे खरं आहे. पण पुढच्या वेळी हे खरं आहे हे तुम्हाला कसं कळणार?" या प्रश्नात दम होता. वेळ कमी असताना चाळणी लागतेच, आणि पत्राचा लौकिक ही चाळणी अगदी फोल नाही. ज्या पत्रात बातमी मागे घेणं ही नामुष्की मानली जाते, तिथे बातमीदार एक फोन जास्त करतो.

त्यावर तरुण सहकाऱ्याने विचारलं, की दोघंही चुकतात तर मग फरक काय उरला? मला वाटतं फरक चुकीनंतर दिसतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या एका बातमीदाराने न गेलेल्या ठिकाणांहून बातम्या पाठवल्याचं, संवाद रचल्याचं उघड झालं, तेव्हा त्या पत्राने ११ मे २००३ रोजी पहिल्या पानापासून सुरू होणारा सात हजारांहून जास्त शब्दांचा वृत्तांत स्वतःबद्दल छापला. तपासलेल्या ७३ बातम्यांपैकी निदान ३६ सदोष निघाल्याचा हिशेब त्यात दिला. चूक भयंकर होती, पण आज कुणी त्या बातम्या वापरायला गेलं तर त्या कुठे खोट्या आहेत हे त्याला त्याच पत्रात सापडतं. आमच्या फाइलमधल्या एकतीस कात्रणांत दुरुस्तीची चौकट एकच होती, दैनिक अ-ची: एका जखमीचं आडनाव चुकल्याबद्दल. दैनिक ब-ने पहिल्या दिवशी मृत तीन छापले होते, दुसऱ्या दिवशी दोन. मधल्या एकाचं काय झालं, याबद्दल ओळ नाही.

आणि आकारावरून पत्र ओळखण्याची जुनी सवय आमच्यातही होती, तीही त्या बैठकीत निघाली. मोठं पान ते गंभीर, छोटं पान ते टॅब्लॉइड. या शब्दाचा इतिहास मला नेहमी विलक्षण वाटतो. बरोज वेलकम या औषध कंपनीने १८८४ मध्ये दाबून लहान केलेल्या गोळ्यांसाठी नोंदवलेलं ते व्यापारी नाव. पुढे आटोपशीर बातम्यांच्या छोट्या पत्राला ते चिकटलं आणि मग भडकपणालाच लोक टॅब्लॉइड म्हणू लागले. पण लंडनच्या 'टाइम्स'ने २००४ मध्ये मोठं पान सोडलं, 'गार्डियन' २०१८ पासून टॅब्लॉइड आकारात निघतो, आणि त्याने त्यांची जात बदललेली नाही. आता बहुतेक वाचक पान बघतच नाहीत, पडद्यावर सुटी बातमी बघतात. तिथे मथळ्याचा टाइपही सगळ्यांचा सारखाच.

शेवटी ठरला तो चौथा पर्याय, सर्वांत किचकट: पत्र बाजूला ठेवायचं आणि एकेक विधान उचलून दोन प्रश्न विचारायचे. हे कोण म्हणतंय? आणि त्याला ते कसं कळलं? ज्याला उत्तर नाही ते विधान नोंदीत जाणार नाही, मग ते कुणीही छापलेलं असो.

काय केलं

चौकशी समितीचा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज होता. तो मिळवायला दोन दिवस लागले. इतकी वर्षं तो उपलब्ध होता आणि नोंद लिहिताना आम्ही तो मागवला नव्हता, याची मला आजही रुखरुख आहे. मुख्य मजकूर पटपट वाचून झाला. उत्तर परिशिष्टात होतं.

तिथे अपघातापूर्वीच्या वर्षातल्या सूचनांची यादी होती. एकूण तीन. म्हणजे "तीन" हा आकडा हवेतून आलेला नव्हता. पण त्यांतल्या दोन सूचना विजेच्या तारांविषयी, इमारत विभागाच्या नावे होत्या. त्या आमच्या शास्त्रज्ञांकडे गेल्याची नोंद नाही. तिसरी वायुवीजनाच्या पंख्याविषयी, त्यांच्या नावे. तिची छायाप्रतही होती. कोपऱ्यात त्यांच्या हातचा शेरा, "तातडीने दुरुस्त करावे", सही आणि तारीख. सूचना मिळाल्यापासून चौथा दिवस. दुरुस्तीचा खर्च मंजूर व्हायला त्यानंतर महिने लागले.

अहवालाने त्यांना मोकळं मात्र सोडलं नव्हतं. आणीबाणीत बाहेर पडण्याचा सराव दोन वर्षं झाला नव्हता आणि त्याची जबाबदारी समितीने नावानिशी त्यांच्यावर ठेवली होती. मागच्या दाराला साखळी चोरीच्या भीतीने सुरक्षा विभागाने घातली होती. त्यांना ते माहीत होतं, हरकत घेतल्याचा कागद नाही.

मग मी दैनिक ब-चा तेव्हाचा बातमीदार शोधला. निवृत्त झालेला, फोनवर मोकळेपणाने बोलला. प्रयोगशाळेतल्या एका कर्मचाऱ्याने त्याला सांगितलं होतं की "तीन चिठ्ठ्या गेल्या होत्या." "कोणाकडे गेल्या, ते मी विचारलं नाही. साडेनऊला पान सोडायचं होतं," तो म्हणाला. मी मथळ्याबद्दल विचारलं. "मथळा माझा नाही हो. मी 'समजते' लिहिलं होतं, तुम्ही बघा." मी बघितलंच होतं. मथळे बातमीदार देत नाही, उपसंपादक देतो, आणि बातमीतलं "समजते" मथळ्यात मावत नाही. हे दर्जेदार पत्रांतही होतं. फक्त तिथे मथळा मजकुराच्या पुढे गेला तर कुणीतरी हटकण्याची शक्यता जास्त.

नवं वाक्य असं झालं: "चौकशी समितीच्या अहवालानुसार वायुवीजनाच्या पंख्याबाबतची एक लेखी सूचना त्यांच्याकडे आली होती व ती त्यांनी चौथ्या दिवशी दुरुस्तीसाठी पुढे पाठवली. आणीबाणीत बाहेर पडण्याचा सराव दोन वर्षे न घेतल्याची जबाबदारी समितीने त्यांच्यावर ठेवली."

एक निर्णय अजून बाकी होता. "तीन इशारे" या जुन्या गोष्टीचा उल्लेख करायचा की नाही? ज्येष्ठ सहकारी म्हणाले, खोटी गोष्ट खोडायलासुद्धा कोशात घेऊ नये, ती पुन्हा जिवंत होते. मुलीलाही ती नको होती. मी तरीही एक ओळ घातली: तत्कालीन वृत्तपत्रांतील तीन इशाऱ्यांचा उल्लेख अहवालाशी जुळत नाही. कारण पुरवणीतला लेख कुणालाही शोधल्यावर सापडतो. तो वाचून आमची नोंद उघडणाऱ्याला वाटलं असतं की कोशकारांना हे माहीतच नव्हतं. या निर्णयाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

निष्पत्ती

खंड सतरा दिवस उशिरा गेला. छपाईची तारीख हुकल्याने झालेला मनस्ताप वेगळा.

दैनिक अ-ला आम्ही अहवालाच्या परिशिष्टाची प्रत जोडून पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी पान दोनवर दुरुस्तीची चौकट आली, आणि त्यांच्या संग्रहातल्या मूळ लेखाच्या माथ्यावरही तीच टीप लागली. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. छापील दुरुस्ती त्या दिवशीचा वाचक वाचतो. संग्रहातली टीप पुढचा प्रत्येक लेखक वाचतो, आणि आमचा घात संग्रहानेच केला होता. दैनिक ब-कडून पहिल्या पत्राला उत्तर नाही. दुसऱ्याला एका ओळीचं आलं: इतक्या जुन्या मजकुराबाबत पत्रव्यवहार केला जात नाही.

मुलीला मी नवा मजकूर छापण्याआधी फोनवर वाचून दाखवला. पंख्याच्या सूचनेपाशी ती थांबली आणि तारीख पुन्हा वाचायला सांगितली. सरावाचं वाक्य ऐकल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं." ते वाक्य वगळण्याची विनंती तिने केली नाही, पण फोन ठेवताना तिचा आवाज पत्रातल्यासारखा राहिला नव्हता. तिला हवं होतं त्यातलं अर्धंच आम्ही देऊ शकलो.

त्यानंतर आम्ही खंडातल्या ज्या नोंदींना फक्त वृत्तपत्रांचा आधार होता, त्या सगळ्या पुन्हा काढल्या. चार ठिकाणी हाच प्रकार निघाला, दोन संदर्भ आणि तळाशी एकच विहीर. त्यांतली एक नोंद निंदेची नव्हती, कौतुकाची होती. एका कलावंताला मिळालेल्या सन्मानाचं वजन भडक पत्राने वाढवलं होतं आणि दोन दर्जेदार पत्रांनी ते तसंच उचललं होतं. आनंदाची बातमी कुणी तपासत नाही, खंडन करायला कुणी पत्र लिहीत नाही. अशा चुका आमच्याकडे अजून किती असतील, याचा विचार त्रास देतो.

आज पुन्हा करायचं तर

नोंदीचा मसुदा होतानाच घरच्यांशी बोलले असते. त्यांच्या सांगण्यावरून लिहायचं म्हणून नाही, तर कोणता कागद अस्तित्वात आहे हे बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतं म्हणून. मुलीच्या कपाटात त्या अहवालाची प्रत पहिल्यापासून होती.

मृतांच्या घरच्यांशी आम्ही शेवटपर्यंत बोललो नाही. घाईत ते सुचलंच नाही. त्यांनी लिहिलं नव्हतं म्हणून ते आमच्या डोळ्यांसमोर नव्हते, आणि पत्र लिहू शकणाऱ्याचंच आपण ऐकतो. दैनिक ब-ने त्यांचं ऐकलं होतं. चौथ्या दिवशीच्या अंकात तेवीस वर्षांच्या त्या मुलाच्या भावाची छोटी मुलाखत आहे. भडक चौकटीतली, पण त्याचे शब्द त्याचेच वाटतात: "मागचं दार बंद असतं हे त्याने घरी सांगितलं होतं." एकतीस कात्रणांत हे दुसरं कुणीच विचारलेलं नव्हतं. नोंद शास्त्रज्ञांची असली तरी ते वाक्य निदान चौकशीला लावून बघायला हवं होतं, की दार किती काळ बंद होतं. अहवालात त्याचं उत्तर नाही.

ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा वाद मिटलेला नाही. ते अजूनही म्हणतात की रोजच्या कामात प्रत्येक विधानामागे इतकं धावता येणार नाही. आम्ही मधला मार्ग असा काढला: व्यक्तीच्या चारित्र्याला किंवा कुणाच्या मृत्यूला स्पर्श करणारं विधान असेल तर पत्र कोणतंही असो, मूळ कागदापर्यंत जायचं. बाकी साध्या तारखा-नियुक्त्यांसाठी दर्जेदार पत्राची बातमी पुरते, पुरवणीतला लेख पुरत नाही.

संदर्भपट्टी बदलली. पत्राचं नाव आणि तारीख यांच्या खाली आता तीन ओळी आहेत: बातमी की लेख, कोण म्हणतं, त्याला कसं कळलं. तरुण सहकारी ती भरतो तेव्हा शेवटची ओळ पुष्कळदा रिकामी राहते आणि ती नोंद त्याच्या डाव्या हाताच्या ट्रेमध्ये जाते. एकच विहीर निघालेल्या त्या चार नोंदींपैकी तीन सुटल्या. चौथीचं मूळ एका बंद पडलेल्या सायंदैनिकात आहे. त्याच्या अंकांची बांधीव फाइल मिळाली, पण हवा तो महिना त्यात नाही. नोंद अजून ट्रेमध्येच आहे.